टाकाऊ वस्तूंचे घनवादी मुखवटे : पातळ्या, सांधे, रंग आणि मुंबईची हवा

कोनमापक

नमस्कार मंडळी. भंगारातल्या वस्तू वापरून घनवादी धाटणीचे, म्हणजे एकच चेहरा समोरून आणि बाजूने एकाच वेळी दाखवणारे, उठाव-मुखवटे कसे करायचे, हा या धाग्याचा विषय. भिंतीवर टांगायचे मुखवटे, तोंडावर चढवायचे नव्हेत. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात, म्हणजे तिथल्या सोंगांच्या उत्सवात, कागदाच्या लगद्याचे मुखवटे घालून नाचतात. ते हलके असावे लागतात आणि आतून चेहऱ्याला बसावे लागतात. इथे ती अट नाही. इथली अट वेगळी आहे: बाजूने उजेड पडला की प्रत्येक पातळी, म्हणजे चेहऱ्याचा एकेक सपाट पृष्ठभाग, शेजारच्या पातळीपासून सुटी दिसली पाहिजे.

थोडी पार्श्वभूमी, कारण हातात काम घेतल्यावर ती उपयोगी पडते. पिकासोने १९१२ मध्ये पुठ्ठा, कागद, दोरा आणि तार यांची एक गिटार केली आणि १९१४ मध्ये ती पत्र्यात केली. गिटारीचं मधलं भोक खरं तर आत जातं. त्याने ते नळी करून बाहेर काढलं. पश्चिम आफ्रिकेतल्या ग्रेबो मुखवट्यांचे डोळे असेच नळीसारखे पुढे आलेले असतात, आणि असा मुखवटा त्याच्या संग्रहात होता. खोलगट जागा उंचवट्याने दाखवली तरी डोळा तिला खोलच समजतो. मुखवटा करताना ही युक्ती सगळ्यात जास्त कामाला येते.

आता माझं ठाम मत. वस्तू हातात घेऊन सुरुवात करू नका. आधी पातळ्या ठरवा, मग त्या पातळीत कोणती वस्तू बसते ते शोधा. उलट केलं की झाकणाचे डोळे, चमच्याचं नाक आणि कंगव्याचे दात असा चेहरा होतो. तो ओळखू येतो, पण समोरून आणि बाजूने एकाच वेळी पाहिल्याचा भास त्यात नसतो. तो भास नसेल तर घनवाद कुठे राहिला?

आकार: ३० × ४२ सेंमीची १२ मिमी प्लायची फळी. ए-थ्री कागद जवळजवळ तेवढाच असतो, त्यामुळे आराखडा थेट त्याच मापात काढता येतो. एकूण उंची फळीपासून ६ सेंमीच्या आत ठेवा. त्याहून जास्त झाली की उठाव न राहता बाहुली होते.

आराखडा: कागदावर उभी रेघ मारा, पण मधोमध नको, दीड-दोन सेंमी डावीकडे. रेघेच्या एका बाजूला चेहरा समोरून, दुसऱ्या बाजूला तोच चेहरा बाजूने. कपाळ, नाक, ओठ आणि हनुवटी यांची बाजूची कड त्याच रेघेवर आणून टेकवा. मग चेहऱ्याचे सरळ कडांचे सात ते नऊ तुकडे पाडा. डोळा, भुवई, गाल अशा अवयवांनुसार तुकडे पाडू नका. कपाळाची एक कड गालातून खाली हनुवटीपर्यंत जाऊ द्या.

प्रत्येक तुकड्यावर उंचीचे आकडे लिहा. शून्य म्हणजे फळी, पुढे एकेक सेंमी. तिरक्या तुकड्याच्या दोन कडांवर दोन आकडे. शेजारच्या दोन तुकड्यांची सामाईक कड सारख्याच उंचीची असेल आणि दोघांचा उतारही सारखा असेल, तर तिथे रेघ दिसणारच नाही. निदान १ सेंमीची पायरी द्या, नाहीतर उतार उलटा करा. १० सेंमी रुंद तुकड्याची एक कड अडीच सेंमी उचलली की साधारण १४-१५ अंशांचा उतार मिळतो आणि घरातल्या दिव्यातही छटा बदललेली दिसते. पाच-सहा अंशांचे उतार फुकट जातात.

मग लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचा कच्चा नमुना चिकटपट्टीने उभा करा, खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाइलची बॅटरी डाव्या वरच्या कोपऱ्यातून फळीलगत फिरवा. जी पातळी शेजारणीत विरघळते तिचा आकडा बदला. ही चाचणी झाल्याशिवाय भंगारवाल्याकडे जाऊ नका. तिथे वस्तू मोहात पाडतात आणि आराखडा बाजूला पडतो.

सुतारपक्षी

आराखड्यावर आकडे लिहायची पद्धत फार उपयोगाची. फळी आणि पुठ्ठा यांबद्दल लिहितो.

प्लाय घेताना कमर्शियल आणि बीडब्ल्यूपी यांतला फरक लक्षात ठेवा. कमर्शियल म्हणजे एमआर (दमटपणा सोसणारा) ग्रेड, भारतीय मानक आयएस ३०३. बीडब्ल्यूपी म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा मरीन, आयएस ७१०. मुंबईत बाहेरच्या भिंतीवर किंवा ओल येणाऱ्या खोलीत लावायचं असेल तर दुसराच घ्या. प्लायच्या दुकानात कटपीस मिळतात, पूर्ण शीट घ्यायची गरज नसते. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) नको. कडेने पाणी पितो, फुगतो आणि सुकल्यावर मूळ जाडीला परत येत नाही. फळीच्या चारही कापलेल्या कडा आणि पाठ, दोन्ही रंगाने बंद करा. फक्त पुढून रंग आणि गोंद लागला की पुढची बाजू वेगळी ताणते, पाठ वेगळी हवा ओढते आणि फळी वाटीसारखी वळते. पुढे जेवढे हात तेवढे पाठीवर.

पुठ्ठा: फ्रिज किंवा वॉशिंग मशीनच्या खोक्याचा पाच-प्लाय, म्हणजे पाच थरांचा, घ्या. आतल्या नळ्या कुठल्या दिशेने धावतात ते आधी बघा. नळ्यांना समांतर घडी सहज पडते, आडवी घातली तर पुठ्ठा चेपतो आणि कड वेडीवाकडी होते. म्हणून नाकासारख्या लांब तुकड्यात नळ्या लांबीच्याच दिशेने ठेवा. घडीच्या बाहेरच्या अंगाने १८ मिमीच्या कटरने वरचा कागद आणि नळ्या कापायच्या, सगळ्यात आतला कागद शाबूत ठेवायचा. मग काप बाहेर राहील अशी घडी घाला. कडेवर जी फट उघडते तिच्यावर कागदी पट्टी लावा. ब्लेड बोथट झालं की पुठ्ठा कापत नाही, फाडतो; तेव्हा टोक मोडायला कंजूषी करू नका.

नाकाचं उदाहरण देतो. लांबी १६ सेंमी. एक बाजू ४ सेंमी रुंद आणि उताराची, दुसरी अडीच सेंमी आणि जवळजवळ उभी. दोन्ही बाजूंना १-१ सेंमीची चिकटवायची पट्टी. म्हणजे सपाट तुकडा एकूण साडेआठ सेंमी रुंद. दोन्ही बाजू सारख्या केल्या की घराचं छप्पर दिसतं.

तिरक्या तुकड्यांखाली पाचर हवीच, नुसत्या कडांवर तोलू नका. पुठ्ठ्याच्या त्रिकोणी पाचरी दर ५-६ सेंमीला एक. नाहीतर लांबी, म्हणजे खडू-गोंदाची भरण, घासताना मधला भाग दबतो आणि तो खळगा रंगानंतर ठळक दिसतो.

पत्राकात्री

पत्र्याचं मी लिहिते.

सुरुवातीला १५ किलोच्या तेलाचा डबा घ्या. पत्रा पातळ असतो, साध्या पत्रा-कात्रीने कापला जातो आणि घडी हाताने पडते. डबा उघडताना आधी वरची आणि खालची गोट काढून टाका, मग उभ्या जोडाच्या शेजारून कापा. जोडावरून कात्री चालवू नका, तिथे पत्रा दुहेरी आहे. आतलं तेल गरम पाणी आणि भांडी घासायच्या पावडरने दोनदा धुवा. तेलाचा पातळ थर राहिला तर प्रायमर चार दिवस छान दिसतो आणि मग नखाने निघतो.

कात्री पूर्ण मिटू देऊ नका. टोक मिटलं की प्रत्येक कापाच्या शेवटी कडेला छोटा काटा उभा राहतो, आणि हात कापतो तो त्यानेच. तीन-चतुर्थांश मिटली की पुढे सरकवा. कापून झालं की बारीक कानस कडेच्या दिशेने फिरवा. जी कड बाहेर दिसणार तिची ५ मिमी मुडप घाला. पत्रा ताठ होतो आणि हातही वाचतात. चामड्याचे हातमोजे घाला, धनुर्वाताची लस घेतलेली असू द्या.

जोडायला तीन मार्ग. पत्रा-पत्र्याला ३.२ मिमीचे पॉप रिव्हेट, भोक ३.३ मिमी. पत्रा-प्लायला १२ मिमीचे चपट्या डोक्याचे स्क्रू. यापेक्षा लांब घेतला तर १२ च्या फळीतून पाठीला टोक येतं. तिसरा मला सगळ्यात आवडतो: पत्र्याला १ सेंमी रुंदीच्या जिभा ठेवायच्या, फळीत तेवढ्याच चिरा पाडायच्या, जिभा आरपार काढून मागे दुमडायच्या. पुढून ना स्क्रू दिसतो ना गोंद, आणि हवं तेव्हा तुकडा सोडवता येतो.

डोळ्याची नळी करायला दुधाच्या पावडरचा छोटा डबा किंवा पीव्हीसी पाइपचा ४ सेंमीचा तुकडा. दोन्ही डोळे नळीचे करू नका. एक नळी, दुसरा सपाट चिरेचा.

स्पॅनिश शिल्पकार खुलिओ गोन्झालेझचे लोखंडी मुखवटे ज्यांनी पाहिले नसतील त्यांनी त्यांची छायाचित्रं जरूर पाहावीत. हा माणूस १९१८ मध्ये पॅरिसजवळच्या रेनोच्या कारखान्यात गॅस वेल्डिंग शिकला आणि पुढे पिकासोच्या लोखंडी शिल्पांवर त्याच्यासोबत काम केलं. त्याच्या मुखवट्यांत पत्र्याचा एक काप आणि एक घडी, बस्स. गाल तिथे असतो.

लिंबूटिंबू

वाचनखूण साठवली. दोन शंका. शाम्पूच्या बाटल्या आणि झाकणं कशाने चिकटवायची? आणि पावसाळ्यात फेव्हिकॉल लवकर सुकत नाही त्याचं काय?

सुतारपक्षी

झाकणं आणि शाम्पूच्या बाटल्या बहुतेक पॉलिप्रॉपिलिन किंवा पॉलिथिनच्या असतात. तळाला त्रिकोणात ५ किंवा २ आकडा दिसेल. यांना कुठलाच नेहमीचा गोंद धरत नाही. पॉलिश पेपरने घासूनही नाही. एम-सील लावलं तरी ते झाकणाला न धरता नुसतं त्याच्या आकारात सुकतं आणि टिचकी मारली की सुटतं. स्क्रू मारा किंवा तारेने बांधा.

बाकी जोड्या अशा. लाकूड-लाकूड, पुठ्ठा-लाकूड: फेव्हिकॉल एसएच, ओलीच्या जागी मरीन. धातू-लाकूड: अ‍ॅराल्डाइट, दोन्ही अंगं ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून. फटी आणि बेचके: एम-सील, दोन्ही भाग सारखे, रंग एकजीव होईपर्यंत मळून. फेव्हिक्विक फक्त तुकडा जागेवर धरून ठेवायला. गडद रंगावर त्याची पांढरी वाफ बसते आणि ती पुसून जात नाही. थर्माकोल असेल तर फेव्हिकॉल एसआरसारखा रबरी गोंद आणि स्प्रे रंग दोन्ही वर्ज्य, थर्माकोल विरघळतो.

पावसाळ्याचं: हवेत ८०-९० टक्के दमटपणा असतो तेव्हा पांढऱ्या फेव्हिकॉलमधलं पाणी जायला वाटच मिळत नाही. पुठ्ठ्याचे दोन मोठे तुकडे पसरून चिकटवले तर मध्यभाग दोन दिवसांनीही ओला सापडेल. गोंद पाण्याने पातळ करू नका, पातळ थर द्या, कार्डाच्या तुकड्याने ओढून. एका वेळी एकच थर, रात्रभर वजनाखाली, सकाळी वजन काढून पंख्याखाली उभा. थरांवर थर एका दमात चढवले की पाणी आत अडकतं आणि आठवड्याभरात कुबट वास येतो. तो वास म्हणजे बुरशी. वरून रंग देऊन ती थांबत नाही.

खळ वापरणार असाल तर तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. कसर आणि झुरळं लांब राहतात. पण मोरचूद विषारी आहे. मुलं हात लावणार असतील तर खळच नको.

कोनमापक

लांबीचं राहिलं होतं. तीन भाग खडूची पावडर, एक भाग फेव्हिकॉल, पाणी थेंबाथेंबाने, पट्टीवरून न ओघळेल इतकीच पातळ. एका वेळी जेमतेम १ मिमी. जाड थर वरून सुकतो, आतलं पाणी नंतर जातं, थर आकसतो आणि तडा जातो. तडा गेला तर त्यावरच नवीन लांबी भरू नका, सैल झालेलं उकरून मग भरा. सुकल्यावर १२० ने, मग २२० ने घासा, पण कडांवर हात हलका ठेवा. कडा गोल झाल्या की पातळ्या एकमेकींत वाहतात आणि सगळी मेहनत मातीत जाते. मी पॉलिश पेपर बोटाला न गुंडाळता लाकडी ठोकळ्याला गुंडाळूनच घासा म्हणेन. बोट खळगा पाडतं, ठोकळा पातळी राखतो.

पुठ्ठा बंद करायला लाखेच्या पॉलिशचे दोन हात उत्तम. फक्त पाऊस कोसळत असताना देऊ नका, पृष्ठभागावर पांढरट धुकं धरतं. कोरडा दिवस बघून द्यावं.

रंगसाखळी

रंगाबद्दल माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. सगळं एकाच रंगाने झाकायचं असेल तर भंगार कशाला हवं? नवा पुठ्ठा आणा. १९४२ चं पिकासोचं बैलाचं डोकं घ्या: सायकलची सीट आणि हँडल. दोन्ही वस्तू आजही सीट आणि हँडलच दिसतात आणि तरीही बैल दिसतो. वस्तूने आपली ओळख ठेवावी आणि चेहराही व्हावा, ही ओढाताणच पाहणाऱ्याला खिळवते. पत्र्यावरची अर्धी पुसलेली छपाई, लाकडावरचा जुना निळा रंग, खिळ्याचं भोक, हे राहू द्या.

पत्राकात्री

रंगसाखळी, बैलाच्या डोक्यात दोनच वस्तू आहेत. वस्तू पंधरा झाल्या आणि प्रत्येक आपल्या मूळ रंगात राहिली की डोळा रंग वाचतो, उतार वाचत नाही. तेलाच्या डब्यावरचा भडक पिवळा एकटाच पुढे उडी मारतो, तो तुकडा सगळ्यात मागे असला तरी.

कोनमापक

दोघांचं पटतं, पण सारख्या प्रमाणात नाही. आधी सगळं एका करड्या प्रायमरने झाकून उजेडात बघावं, मग एक किंवा दोन तुकडे सोडवून मूळ अंगावर आणावेत. तेही चेहऱ्याच्या शिवणीजवळचे, जिथे समोरचा आणि बाजूचा चेहरा भेटतो. प्रायमर आधी लावायचा असल्याने ते तुकडे मास्किंग टेपने झाकूनच सुरुवात करावी लागते.

बाकी रंग यलो ऑकर, बर्न्ट अंबर, करडा आणि पांढरा, एवढ्यातच. आणि एक गोष्ट जरूर करून पाहा: नाकाची जी बाजू नेहमी सावलीत राहणार तिला उजळ रंग द्या, उजेडाकडच्या बाजूला गडद. रंग एक सांगतो आणि सावली दुसरं. कुठली बाजू पुढे आहे हे डोळ्याला चटकन ठरवता येत नाही. हे नाकावर आणि फार तर एका गालावर. सगळीकडे केलं की रंग आणि सावली एकमेकांना खोडतात आणि उठाव सपाट होतो.

चकाकी नको. चमकदार रंगावर दिव्याचा पांढरा ठिपका पडतो आणि त्या ठिपक्याखाली उतार दिसत नाही. मॅट अ‍ॅक्रिलिक, वरून मॅट वार्निश.

पत्राकात्री

पत्र्याच्या रंगाची पूरक माहिती. डब्याच्या पत्र्याला घासून, पुसून रेड ऑक्साइड प्रायमर चालतो. जस्ताच्या म्हणजे जीआय पत्र्यावर तेलरंग थेट देऊ नका. जस्त आणि तेलरंगातलं तेल यांची प्रक्रिया होऊन मधे साबणासारखा थर होतो आणि रंग पापुद्र्याने सुटतो. आधी वॉश प्रायमर, म्हणजे जस्तावर पकड घेणारा पातळ हात. किनाऱ्यावर सापडलेलं लोखंड किंवा लाकूड असेल तर गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस बुडवा, पाणी रोज बदला. मीठ आत राहिलं तर गंज रंगाच्या खालून वर येतो.

बोरिवली_पूर्व

साहित्य कुठे मिळेल यावर.

खोके आणि रद्दीसाठी गल्लीतला रद्दीवाला पुरेसा, आधी सांगून ठेवलं तर मोठे खोके बाजूला ठेवतो. जुनी कुलपं, बिजागऱ्या, घड्याळांचे भाग, पितळी मुठी यांसाठी चोर बाजारात मटण स्ट्रीट. जाड लोखंडी तुकड्यांसाठी रे रोडचा दारूखाना नावाचा भंगारबाजार, पण तिथला माल जड असतो. फळीवर झेपेल का ते आधी ठरवा. रिव्हेट, ड्रिलची पातं, कात्र्या नागदेवी स्ट्रीटवर. जुनं सागवान, खिडक्यांच्या चौकटी हव्या असतील तर जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार. सागाचा चौकटीचा तुकडा मिळाला तर कपाळाला तोच घ्या, वळत नाही आणि कड धारदार राहते.

काय उचलू नये: सिमेंटचे जुने पन्हाळी पत्रे, त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं; कापू नका, घासू नका. पॅलेटच्या लाकडावर शिक्का बघा. एचटी असेल तर ते उष्णतेने प्रक्रिया केलेलं, चालेल. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, सोडून द्या. सर्किट बोर्ड दिसायला सुंदर, पण करवतीने कापले की काचेच्या तंतूंची धूळ उडते. पूर्ण आकारात बसत असेल तरच घ्या. जुन्या दारांच्या जाड रंगात शिसं असू शकतं, कोरडं घासू नका. आणि लाकडाला बारीक भोकं असून खाली पिठासारखा भुगा पडत असेल तर ते घरात आणूच नका.

चित्रकलेच्या_बाई

शाळेत सातवी-आठवीच्या मुलांकडून करून घ्यायचं असेल तर यातलं काय ठेवावं आणि काय काढावं? तासिका चाळीस मिनिटांची, कटर देता येत नाही.

कोनमापक

बाई, पत्रा, अ‍ॅराल्डाइट आणि स्प्रे रंग पूर्ण वगळा. आकार ए-फोर, तळाला वहीच्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे, एकाचे तंतू आडवे आणि दुसऱ्याचे उभे ठेवून, एकमेकांवर चिकटवलेले, म्हणजे वळत नाहीत. तुकडे पाच पुरेत. पाच-प्लायऐवजी बिस्किटांच्या आणि औषधांच्या खोक्यांचा पातळ पुठ्ठा, शाळेतल्या कात्रीने कापला जातो. घडीसाठी रिकाम्या रिफिलच्या बॉलपेनने पट्टी धरून रेघ दाबायची. डोळ्याला टॉयलेट रोलची नळी ३ सेंमी कापून. उंची देण्यासाठी पाचरींऐवजी काडेपेट्या: आडवी, कडेवर आणि उभी अशा तीन उंची आयत्या मिळतात, मुलांना आकड्यांचा हिशोबही कळतो.

पहिल्या तासाला फक्त आराखडा आणि आकडे. दुसऱ्याला कापणं आणि घड्या. तिसऱ्याला चिकटवणं. रंग पुढच्या आठवड्यात, गोंद नीट सुकल्यावर; पोस्टर कलरमधे थोडा फेव्हिकॉल घातला तर हाताला लागत नाही. तिसऱ्या तासाला वर्गाच्या खिडक्या एका बाजूच्या बंद करून उजेड एकाच बाजूने येऊ द्या. मुलांना तिथेच दिसतं कुठली पातळी हरवली.

लिंबूटिंबू

टांगायचं कसं? दोरी लावली की वरचा भाग पुढे झुकतो.

सुतारपक्षी

झुकणारच, कारण वजन फळीच्या पुढे आहे. १२ मिमीची नुसती फळीच सुमारे एक किलोची, पत्रा-लाकूड धरून दोन-तीन किलो सहज होतात. दोरी नको. ५ सेंमी रुंदीची लाकडी पट्टी लांबीतून ४५ अंशांत चिरा. एक अर्धी पट्टी फळीच्या पाठीला वरच्या बाजूस, तिरपी कड खाली तोंड करून. दुसरी भिंतीला, तिरपी कड वर. मुखवटा वरून खाली सरकवला की अडकतो आणि भिंतीकडे ओढला जातो. पाठीला खाली त्याच जाडीची अजून एक पट्टी लावा, म्हणजे फळी भिंतीला समांतर राहते आणि मागे हवा खेळते. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला ही फट फार महत्त्वाची.

भिंतीत ८ मिमीचं भोक, रॉल प्लग, ५० मिमीचा स्क्रू. जुन्या चाळीत आणि गिरगावातल्या इमारतींत चुन्याचा गिलावा जाड असतो. ड्रिल मारताना पांढरा भुगा येतोय तोवर तुम्ही गिलाव्यातच आहात. लाल भुगा दिसला की वीट लागली. तिथून पुढे निदान ३५ मिमी जा आणि स्क्रू त्या हिशोबाने लांब घ्या.

रंगसाखळी

आणि समोरच्या भिंतीवर ट्यूबलाइट असेल तर? बहुतेक घरांत तसंच असतं.

कोनमापक

समोरच्या ट्यूबलाइटमध्ये सगळ्या सावल्या वस्तूच्या मागे पडतात, म्हणजे दिसतच नाहीत. एक छोटा एलईडी स्पॉट छताला लावा, मुखवट्याच्या डोक्यावर नेमका न ठेवता थोडा डावीकडे. तो मुखवट्याच्या मध्यापासून ७० सेंमी वर आणि भिंतीपासून ४० सेंमी पुढे असेल तर उजेड भिंतीशी साधारण ३० अंश करतो. ५ सेंमी उंच नाकाची सावली मग सुमारे साडेआठ सेंमी लांब पडते. ती ओठ गिळून टाकत असेल तर दिवा भिंतीपासून ७० सेंमीवर न्या, कोन ४५ होतो आणि सावली ५ सेंमीवर येते. दिव्याला फिरती मान असलेली फिटिंग घ्या, म्हणजे टांगल्यावरही जुळवता येईल.